थायरॉइडची गोळी सुरू झाल्यानंतरचे पहिले सहा आठवडे

प्रश्न: माझे वय ३९, वजन ६२ किलो. मी प्राथमिक शाळेत शिकवते. वर्षभर थकवा, चेहऱ्यावर सूज आणि पाळीत जास्त रक्तस्राव असा त्रास होता. तपासणीत टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारे आणि थायरॉइड कमी पडले की वाढणारे संप्रेरक) ३८, फ्री टी-४ (थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक) कमी, अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडे) पॉझिटिव्ह आणि हिमोग्लोबिन ८.८ आले. डॉक्टरांनी लेव्होथायरॉक्सिन ७५ मायक्रोग्रॅम आणि लोहाची गोळी सुरू केली. दोन्ही गोळ्या मी सकाळी उठल्यावर एकदमच घेते आणि दहा-पंधरा मिनिटांत चहा पिते. पहिला आठवडा बरा गेला. आता तिसऱ्या आठवड्यात दुपारी छातीत धडधडते, पहाटे चारलाच जाग येते आणि केस पूर्वीपेक्षा जास्त गळतात. गोळी सोसत नाही म्हणून बंद करू, अर्धी करू, की पुन्हा रक्त तपासून पाहू? आणि ही गोळी एकदा लागली की सुटत नाही, हे खरे का?

उत्तर: गोळी आपल्या मनाने बंद करू नका, अर्धीही करू नका आणि या आठवड्यात टीएसएच तपासायलाही जाऊ नका. मात्र तुमच्या डॉक्टरांना उद्याच्या उद्या तीन गोष्टी कळवा: धडधड सुरू झाली आहे, हिमोग्लोबिन ८.८ होते, आणि दोन्ही गोळ्या तुम्ही एकत्र घेत आहात. यातली तिसरी गोष्ट त्यांना बहुधा माहीतच नसेल, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाची बरीचशी उकल तिथेच आहे.

आधी औषधाचा वेग समजून घेऊ. लेव्होथायरॉक्सिन हे आपल्या ग्रंथीतून निघणाऱ्या टी-४ (थायरॉक्सिन) या संप्रेरकाचेच कारखान्यात तयार केलेले रूप आहे. ते रक्तातून फार सावकाश कमी होते. निम्मे व्हायला निरोगी माणसात साधारण सात दिवस लागतात आणि थायरॉइड कमी असलेल्या माणसात नऊ ते दहा दिवससुद्धा लागू शकतात. त्यामुळे रोज ठरलेली गोळी घेतली तरी रक्तातली पातळी पहिल्या दिवशी गाठली जात नाही. सात दिवसांचा हिशेब धरला, तर पहिल्या आठवड्याच्या शेवटी अंतिम पातळीच्या निम्मी, दुसऱ्याच्या शेवटी पाऊण, तिसऱ्याच्या शेवटी सात-अष्टमांश अशी ती चढत जाते आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यात स्थिरावते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की आज दुपारी झालेल्या धडधडीला आज सकाळची गोळी जबाबदार धरता येत नाही, आणि उद्या गोळी चुकवली म्हणून उद्या बरेही वाटणार नाही. "एक दिवस आड घेऊन बघते" असे म्हणणारे बरेच रुग्ण भेटतात. त्यांना दोन दिवसांत जो फरक जाणवतो, त्याचे कारण बहुतेक वेळा औषध नसते.

टीएसएच तर याहूनही मागे रेंगाळते. ते थायरॉइड ग्रंथीतून येत नाही, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येते, आणि अनेक महिने जोर लावून काम करण्याची सवय झालेली पिट्युटरी टी-४ वाढल्याबरोबर शांत होत नाही. तुम्ही तिसऱ्या आठवड्यात रक्त दिले आणि टीएसएच समजा १४ आले, तर ती ३८ वरून खाली येत असतानाची एक मधली पायरी असेल. कागदावर मात्र तो आकडा ठळक अक्षरांत 'जास्त' म्हणून छापून येतो, घरचे घाबरतात, कुणीतरी गोळी १०० ची करते आणि आणखी दोन महिन्यांनी टीएसएच ०.१ वर जाऊन खरीखुरी धडधड सुरू होते. हल्ली घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅब फोनवर एका बोटाने बोलावता येत असल्यामुळे हा प्रकार वाढला आहे. सहा ते आठ आठवडे ही मुदत डॉक्टरांच्या सोयीसाठी ठरलेली नाही. त्याआधीचा आकडा मात्रा ठरवण्याच्या कामाचाच नसतो.

आता धडधडीकडे वळू. लेव्होथायरॉक्सिन अन्न, दूध किंवा इतर गोळ्यांशिवाय साध्या पाण्याबरोबर घेतले, तर त्याचा साधारण ७० ते ८० टक्के भाग आतड्यातून रक्तात जातो. लोह त्याला पोटातच धरून ठेवते आणि दोघांचे मिळून शोषले न जाणारे संयुग तयार होते. वर दहा मिनिटांत दुधाचा चहा आला की उरलेल्यातही घट होते. म्हणजे डॉक्टरांनी ७५ लिहून दिले असले, तरी तुमच्या रक्तात त्यातले बरेच कमी पोहोचत असणार. तुमच्या वजनाला पूर्ण मात्रा किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम या हिशेबाने सुमारे १०० येते. तेव्हा अपुऱ्या पोहोचणाऱ्या ७५ च्या गोळीने तीन आठवड्यांत औषध जास्त झाले, हे मला पटत नाही.

मग धडधड कशाची? माझा पहिला संशय रक्ताच्या कमतरतेवर आहे. हिमोग्लोबिन ८.८ असताना शरीराला प्राणवायू पुरवण्यासाठी हृदयाला आधीच जास्त राबावे लागते. थायरॉइड कमी होते तोवर सगळा कारभार मंद असल्याने ते जाणवत नव्हते. आता थायरॉक्सिनमुळे शरीराची प्राणवायूची मागणी वाढू लागली, हृदय ॲड्रेनॅलिनला पुन्हा पूर्वीसारखे प्रतिसाद देऊ लागले, पण रक्त मात्र तेवढेच पातळ राहिले. लोहाची मोठी कमतरता असलेल्या रुग्णांना थायरॉइडची साधी मात्राही सोसत नाही, धडधड व बेचैनी होते, आणि लोह भरून आल्यावर तीच मात्रा बिनतक्रार चालते, हे वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहे. आपल्याकडे पाळीच्या वयातल्या स्त्रियांमध्ये दोन्ही आजार इतके सर्रास एकत्र आढळतात, की गोळी सोसत नाही अशी तक्रार आली की मी औषधाच्या मात्रेआधी हिमोग्लोबिनचा कागद मागतो. थायरॉइड कमी असल्याने पाळीत रक्त जास्त जाते, त्यातून लोह कमी होते आणि लोह कमी असल्याने थायरॉइडचे औषध जड जाते, असे हे चक्र आहे.

दुसरे कारण अगदी साधे आहे. वर्षभर तुमची नाडी कदाचित मिनिटाला ५८-६० च्या आसपास चालत असेल आणि त्याची तुम्हाला सवय झाली असेल. ती ७६ झाली तर ते पूर्ण निरोगी आहे, तरीही छातीत काहीतरी धावते आहे असे वाटते. या दोन्हींतला आणि खऱ्या जास्तीच्या औषधातला फरक मोजल्याशिवाय कळत नाही, म्हणून आठवडाभर नाडी मोजा. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्यापूर्वी, अंगठ्याच्या बाजूने मनगटावर दुसऱ्या हाताची तर्जनी आणि मधले बोट ठेवून पूर्ण ६० सेकंद ठोके मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण ठोका मधेच चुकतो की नाही हेही आपल्याला पाहायचे आहे. दुपारी धडधडेल तेव्हा पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे वेळेसह वहीत लिहा. आणखी एक करा: हात समोर ताणून बोटे पसरा आणि कुणालातरी त्यांवर वर्तमानपत्राचे एक पान ठेवायला सांगा. पानाची कड सतत बारीक थरथरत असेल, तळहात गरम व ओलसर असतील आणि त्याच्या जोडीला दिवसातून तीन-चारदा शौचाला होऊन वजन उतरत असेल, तर मी म्हणेन की माझा अंदाज चुकला आणि मात्रा खरोखरच जास्त आहे.

विश्रांतीत नाडी वारंवार १०० च्या वर जात असेल किंवा ठोके अनियमित लागत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढून घ्या. छातीत दुखणे किंवा दाब येणे, चार पायऱ्या चढताना धाप लागणे, चक्कर येऊन पडणे यांपैकी काही झाले, तर वहीची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. उलट्या, उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आणि औषध सुरू झाल्यापासून कमी होण्याऐवजी वाढलेला थकवा हे वेगळेच लक्षण आहे. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असलेल्या काही थोड्या रुग्णांमध्ये मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीही निकामी होत असतात. तिथे कॉर्टिसॉल या ॲड्रिनलच्या संप्रेरकाचे औषध आधी आणि थायरॉइडचे नंतर सुरू करावे लागते, नाहीतर जिवावर बेतू शकते. तुम्ही लिहिलेल्यात तसे काही दिसत नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला ते लागू पडू शकते.

आता दोन गोळ्या वेगळ्या करण्याविषयी. थायरॉइडची गोळी आणि लोह यांच्यात किमान चार तासांचे अंतर हवे. कॅल्शियम आणि पित्तावरच्या पातळ औषधांनाही हाच नियम आहे. तुम्ही साडेपाचला उठत असाल, तर डोळे उघडताच गोळी साध्या पाण्याबरोबर, आणि चहा निदान अर्ध्या तासाने, जमल्यास तासाभराने. अनशापोटी चहा प्यायची वर्षानुवर्षांची सवय असलेल्या घरात हा तास फार मोठा वाटतो, याची मला कल्पना आहे. म्हणून गोळीची बाटली आणि पाण्याचा तांब्या उशाशीच ठेवा, म्हणजे आंघोळ-पूजा-डबा यांत तो तास आपोआप निघून जातो. लोहाची गोळी शाळेच्या मधल्या सुट्टीत किंवा संध्याकाळी घरी आल्यावर लिंबूपाण्याबरोबर घ्या, आणि तिच्या आगेमागे चहा नको, कारण चहा लोहालाही अडवतो. रात्री झोपताना थायरॉइडची गोळी घेण्याचा पर्याय शास्त्रीयदृष्ट्या चांगला आहे, पण त्यासाठी जेवणानंतर तीन तास जावे लागतात. नऊला जेवून साडेदहाला आडवे होणाऱ्या आपल्या घरांत ते फारसे जमत नाही. जिथे रात्रपाळी असते किंवा रमजानचे रोजे असतात, तिथे मात्र मी तो आवर्जून सुचवतो.

इथे एक मेख आहे. तुम्ही गोळ्या वेगळ्या केल्या की तेच ७५ जास्त प्रमाणात रक्तात पोहोचू लागेल. म्हणजे बाटली न बदलता मात्रा वाढल्यासारखे होईल, आणि तुम्हाला तर आत्ताच धडधडते आहे. म्हणूनच हा बदल डॉक्टरांना सांगून करा. मी तुमचा डॉक्टर असतो, तर नाडी आणि ईसीजी पाहून लोह दुपारवर नेले असते, थायरॉक्सिन तीन-चार आठवड्यांपुरते ५० वर आणले असते आणि हिमोग्लोबिन वर सरकू लागले की पुन्हा ७५ केले असते. नाडी ८० च्या आत असेल, तर ७५ तसेच ठेवणेही चूक नाही. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला प्रत्यक्ष तपासले आहे, त्यामुळे निवड त्यांची. जे ठरेल, त्या दिवसापासून सहा आठवडे पुन्हा नव्याने मोजायचे, हे मात्र लक्षात ठेवा. रक्ताच्या कमतरतेचेही फक्त लोहावर सोडू नका. बी-१२ तपासले नसेल तर तपासून घ्या, कारण या प्रकारच्या थायरॉइडच्या आजारात, आणि शाकाहारी घरांत तर आणखीच, ते कमी सापडते.

ज्यांचे वय साठीच्या पुढे आहे किंवा ज्यांना हृदयविकार आहे, त्यांच्या बाबतीत १२.५ किंवा २५ पासून सुरुवात करून चार ते सहा आठवड्यांनी एकेक पायरी चढणे हाच योग्य मार्ग आहे. त्यांनी तुमची मात्रा पाहून आपली ठरवू नये. मधुमेहाच्या रुग्णांची साखर या काळात थोडी वाढू शकते आणि वॉर्फरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांचे रक्त जास्त पातळ होऊ शकते, म्हणून त्यांनी त्या तपासण्या लवकर कराव्यात.

पहाटेच्या जागेबद्दल मला तितकीशी काळजी वाटत नाही. आधी नऊ-दहा तास झोपूनही जडपणा जात नसे. आता शरीराची गरज सहा-सात तासांवर आली असेल, तर लवकर निजणाऱ्याला पहाटे जाग येणारच. उठल्यावर ताजेतवाने वाटते की थकल्यासारखे, एवढेच पाहा. केसांचे गणित मात्र वेगळे आहे. केस विश्रांतीच्या अवस्थेत गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी गळतो; म्हणजे आज कंगव्यात येणारा केस गोळी सुरू होण्यापूर्वीच निकामी झाला होता, आणि नवा खालून जोर करू लागला की जुना आणखी लवकर सुटतो. लोहाची कमतरता त्यात भर घालते. केसांत फरक दिसायला चार ते सहा महिने धरून चला. चेहऱ्यावरची सूज, मलावरोध आणि थंडी वाजणे आधी कमी होते, पाळी दोन-तीन महिन्यांत रुळावर येते, कातडी आणि केस सर्वांत शेवटी. वजन दोन-चार किलोंनी उतरेल, तेही मुख्यतः साठलेले पाणी. कोलेस्टेरॉल वाढलेले असेल तर त्याची गोळी घाईने सुरू करू नका. थायरॉइड सुधारल्यावर ते पुष्कळदा आपोआप खाली येते, आणि थायरॉइड कमी असताना स्टॅटिन गोळ्यांनी स्नायू दुखण्याचा त्रास जास्त होतो.

बाटली नेहमी एकाच कंपनीची घ्या. दुकानदाराने बदलून दिली तर विचारा. ती मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, ओल आणि उन्हापासून दूर ठेवा. गॅसच्या ओट्यावरची आणि न्हाणीघरातली फळी या गोळीला अजिबात मानवत नाही. एखाद्या दिवशी गोळी राहिली, तर वर सांगितलेल्या हिशेबामुळे काहीही बिघडत नाही. त्याच दिवशी पोट रिकामे असताना आठवली तर घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे एक.

गोळी लागली की सुटत नाही, या म्हणण्यात सवयीची भीती आहे आणि ती अनाठायी आहे. तुमच्या रक्तातल्या अँटी-टीपीओवरून दिसते, की तुमचीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर हल्ला करते आहे. हा आजार हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यविशारदाने १९१२ मध्ये प्रथम वर्णन केला. त्यात ग्रंथीचे झालेले नुकसान सहसा भरून येत नाही, म्हणून तुटवडा बाहेरून भरावा लागतो. गोळी घेतल्यामुळे ग्रंथी आळशी होते असे नाही. बाळंतपणानंतर काही महिन्यांपुरता येणारा थायरॉइडचा बिघाड वेगळा, त्यात गोळी थांबवता येते. टीएसएच ३८ आणि टी-४ कमी असताना ती आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या डॉक्टरांनी १८९१ मध्ये मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून ज्या ४६ वर्षांच्या बाईंवर प्रथम उपचार केला, त्या पुढे २८ वर्षे ग्रंथीचा अर्क घेत ७४ व्या वर्षापर्यंत जगल्या, आणि त्यांचे औषध आजच्याइतके नेमके मोजलेलेही नव्हते. या काळात कुणी अश्वगंधा सुचवली तर घेऊ नका. तिच्यामुळे थायरॉइडची पातळी वाढल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत, आणि आपण मात्रा जुळवत असताना मध्येच दुसरा हात नको. आयोडीनयुक्त मीठ बंद करण्याची किंवा शिजवलेला कोबी-फ्लॉवर टाळण्याची गरज नाही. पुढे गर्भधारणा झाली, तर मात्र पाळी चुकून चाचणी पॉझिटिव्ह येताच डॉक्टरांना कळवा, कारण तेव्हा मात्रा लगेच साधारण पंचवीस ते तीस टक्क्यांनी वाढवावी लागते आणि पहिले काही महिने दर चार आठवड्यांनी टीएसएच पाहावे लागते.

सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीला सकाळी, त्या दिवशीची गोळी घेण्यापूर्वी, आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये जा. गोळी पर्समध्ये ठेवा आणि रक्त दिल्यावर घ्या. केस गळतात म्हणून तुम्ही बायोटिन असलेल्या गोळ्या सुरू केल्या असतील, तर त्या निदान दोन दिवस आधी थांबवा, कारण काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटे कमी आणि टी-४ खोटे जास्त येते, आणि औषध जास्त झाले आहे असे समजून चांगली बसलेली मात्रा कमी केली जाते. टीएसएच आणि फ्री टी-४ बरोबर हिमोग्लोबिन व फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) तपासायला सांगा. टीएसएच साधारण ०.५ ते ४ च्या दरम्यान आले तर मात्रा बसली. १० च्या आसपास असेल तर आधी गोळ्यांच्या वेळा पाळल्या गेल्या का ते पाहून मग २५ किंवा १२.५ ने वाढवता येईल. नाडीची वहीही बरोबर न्या, डॉक्टरांना तिचा उपयोग रिपोर्टइतकाच होईल.